तिसरं घर

पहिल्याच आठवड्यात चूक केली:
दशांशानंतर दोनच घरं ठेवली,
सवयीनं, रुपयांच्या.
बतूल मॅडम ओरडल्या नाहीत.
खुर्चीमागे उभ्या राहून म्हणाल्या,
"इथे दिनाराचे हजार फिल्स होतात, रुजूटा.
तिसरं घर उघड."

ऋजुता. पण गळ्यातल्या कार्डावर रुजूटा आहे
आणि मला ते चालतं.
दहा आठवड्यांचं कार्ड, दहा आठवड्यांचं नाव.
टेकवलं की काच बाजूला सरते
आणि मनामाचे शेहेचाळीस अंश
एकदम दुसऱ्या कुणाचे होतात.

आत इतका गारठा की आईची शाल नेते,
तपकिरी, लग्नकार्यातली.
दुसरा इंटर्न फैसल, त्याला ट्रेझरी मिळाली.
जेवताना तो व्याजदरांविषयी बोलतो
घरच्या मामाविषयी बोलावं तसं.
(मामाही आहे. अकराव्या मजल्यावर.)

मला मिळाली निद्रिस्त खाती.
भाषांतर माझं, बँक नुसतं डॉर्मंट म्हणते.
चौदाशे बारा नावं.
दहा वर्षांत काही टाकलं नाही, काही काढलं नाही.
नंबर फिरवायचा, पर्याय निवडायचा:
नंबर अस्तित्वात नाही,
उत्तर नाही,
संपर्क झाला.
चौथा, इतर. त्याला कारण लिहावं लागतं,
म्हणून कुणी निवडत नाही.

दुपारी बारा ते चार उन्हातलं काम बंद, कायद्यानं.
समोरच्या बांधकामावरची माणसं
आमच्या भिंतीशी येऊन झोपतात,
पुठ्ठा खाली, हेल्मेट पोटावर.
बाराला बँकेची सावली चटईएवढीच असते,
सगळे एका ओळीत, कुशीवर.
तीनपर्यंत जरा पाय पसरता येतात.

इस्माईल हसन परकार. ७.३०५.
पत्ता गुदैबियाचा. ती इमारत बाबांना आठवते,
तिथे आता गाड्या लावतात.
दुसरा नंबर दापोलीकडचा.
मी इंग्रजीत सुरू केलं, हिंदीवर आले,
पलीकडून बाई म्हणाली, "कोन गो?"
आणि मला लिहून दिलेली वाक्यं संपली.

ते गेले. चार वर्सां झाली.
किती हायत?
सात दिनार, तीनशे पाच फिल्स.
मी कागद सांगितले: मृत्यूचा दाखला, वारसाचा,
दोन्हींवर शिक्के, शेवटी वकिलातीचा.
ती हसली. शिक्क्यांनाच जास्ती पडतील.
ऱ्हाऊ दे, च्या प्या सगळी.
मग, फोन ठेवणार एवढ्यात:
"त्या फारमाला फोटो असंल ना गो?
चष्मा हाय काय त्यात?
पोरगा म्हनतो होता, मी म्हनते परत आल्यावर लागला."

फॉर्म समोरच होता, स्कॅन केलेला.
तेल लावून बसवलेले केस,
डावीकडे कललेली सही.
खातेदाराची माहिती फोनवर द्यायची नाही,
बोलणं रेकॉर्ड होतं.
मी म्हटलं, मला सांगता येत नाही.
"दिसत न्हाय?"
दिसतंय, म्हटलं.
"बरं. तू बघितलंस ना. बास."

मी इतर निवडलं.
कारणाला साठ अक्षरांची जागा.
तीनदा लिहून तीनदा खोडलं,
चौथ्यांदा रकाना म्हणाला, वेळ संपली,
पुन्हा लॉगिन करा.
केलं. संपर्क झाला.

शेवटच्या गुरुवारी केक कापला.
फैसलला सप्टेंबरपासून बोलावलंय.
मला प्रमाणपत्र, नाव दुरुस्त करून,
त्यामुळे क्षणभर वाटलं
आपण दुसऱ्या कुणाचं उचलतोय.

आमच्या गल्लीतला कोल्ड स्टोअरवाला
पाच फिल्स परत देत नाही, कुणालाच.
बाबा वर्षानुवर्षं सोडून देतात.
मी काल मागितले.
तो वाकून काउंटरखाली डबा शोधत राहिला.
मागे रांग लागली.
मी हात पुढे करून उभी.